ओढायचं किती, साठवायचं किती

अमेरिकेत राहणाऱ्या देशी माणसाला काही वर्षांनी एक खाज सुटते. कोणी बोट घेतो, कोणी घोरणाऱ्या कुत्र्याला दत्तक घेतो. आम्ही ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं छोटं घर. आमचा सेकंडहँड आहे, फायबरग्लासचा, १६ फुटी. आत एक ओटा, एक फ्रीज, गॅसचा हीटर आणि दिवसा टेबल, रात्री पलंग अशी 'टू इन वन' व्यवस्था. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला तो प्रशस्त वाटेल, अमेरिकन माणसाला कपाट वाटतो.

ट्रेलरबद्दल बोलताना लोक फोटो दाखवतात: डोंगर, शेकोटी, खुर्ची, कॉफीचा मग. त्यामागचं गणित कोणी दाखवत नाही. गणितं दोनच आहेत, एक वजनाचं आणि एक विजेचं. दोन्हीकडे एकच गंमत आहे. खोक्यावर लिहिलेला मोठ्ठा आकडा तुमचा नसतो. तुमचा असतो तो सगळं वजा केल्यावर उरलेला.

आधी वजन.

आमची गाडी व्ही-सिक्स इंजिनाची मध्यम एसयूव्ही. ब्रोशरमध्ये लिहिलंय, ओढण्याची क्षमता ५००० पाउंड, म्हणजे साधारण २२७० किलो. भरलेल्या ट्रेलरचं वजन ३२०० पाउंड. म्हणजे झालंच की काम! ट्रेलर विकणाराही तेच म्हणाला, "बिनधास्त न्या." पण ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. त्याला पेलोड म्हणतात. आमच्या गाडीचा ११५० पाउंड. खरी मर्यादा बहुतेक वेळा इथेच लागते.

कारण ट्रेलर फक्त मागून ओढला जात नाही, तो गाडीवर थोडा बसतोही. जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे हिचवर, ट्रेलरचा जो भार पडतो त्याला टंग वेट म्हणतात. (आईने याचं भाषांतर 'जिभेचं वजन' केलं आणि आमच्या घरात ते कोणाचं जास्त आहे यावर अर्धा तास गेला.) हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. जास्त झाला तर गाडीची शेपूट खाली बसते आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. कमी झाला तर आणखी वाईट: वेग वाढला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि झोका वाढतच जातो. त्यामुळे जड सामान मागच्या टोकाला ठेवायचं नाही, एक्सलच्या आसपास किंवा किंचित पुढे ठेवायचं. पाण्याची टाकीही हिशोबात धरायची. २० गॅलन पाणी म्हणजे जवळपास १६७ पाउंड, आणि टाकी एक्सलच्या पुढे आहे की मागे, यावर सगळं चित्र बदलतं.

मागच्या वर्षीपर्यंत आम्ही दोघंच फिरायचो, तेव्हा हे सगळं पुस्तकी होतं. २०२४ च्या ऑक्टोबरात आई-बाबा सांगलीहून आलेले होते आणि चौघांनी लोन पाइनला जायचं ठरलं. मग मी कागद घेतला. चार माणसं ५८० पाउंड. डिकीतलं सामान १५०. टंग वेट १२ टक्क्यांनी ३८४. हिचचं लोखंड ३०. बेरीज ११४४. उरले सहा पाउंड.

सहा पाउंड म्हणजे आईचा चिवड्याचा डबा. तो ट्रेलरमध्ये गेला.

नुसत्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर गाडी आणि ट्रेलर दोन्ही चढवले. पुढचा एक्सल, मागचा एक्सल, ट्रेलर, असे तीन वेगवेगळे आकडे मिळतात. बाबा शेजारी उभे राहून ते वहीत लिहून घेत होते. "आमच्याकडे उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढतो, तसंच की हे," एवढीच त्यांची प्रतिक्रिया. आईचा प्रश्न जास्त व्यावहारिक होता: गाडी चालू असताना ती मागे ट्रेलरमध्ये बसून चहा करू शकेल का? नाही. कॅलिफोर्नियात अशा ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायला बंदी आहे. शिवाय ट्रेलर मागे असताना ताशी ५५ मैल ही वेगमर्यादा. बाकी सगळे ७० ने जात असतात आणि आपण उजव्या लेनमध्ये लग्नाच्या वरातीसारखे.

आता वीज. खरी काळजी इथे होती.

बाबांना स्लीप ॲप्निया आहे. झोपेत श्वास मध्येच थांबतो, म्हणून रात्री सीपॅप लावून झोपतात. ते मशीन नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब देत राहतं. दोन वर्षांपासून मशीनशिवाय एकही रात्र नाही. ट्रिपचं नाव काढल्यावर पहिल्यांदा ते म्हणाले, "तुम्ही दोघं आईला घेऊन जा. मी घरी थांबतो. तिथे लाइट नाही म्हणतोस ना?" अगदी सहज म्हणाले. पण मला ते लागलं. सहा महिन्यांसाठी आलेला माणूस एका प्लगपायी घरी बसणार?

मी म्हटलं, "बाबा, लाइट आपण नेऊ. तुम्ही लोड काढा."

हे मी उगाच म्हटलं नाही. बाबांची नोकरी वीज उपकेंद्रात ऑपरेटरची. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत माझं बालपण गेलं. घरच्या इन्व्हर्टरवर एक ट्यूब, एक पंखा आणि बारावीचा कोणी असेल तर त्याचा टेबललॅम्प. टीव्ही नाही म्हणजे नाही. महिन्यातून एकदा बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम माझं. ऑफ-ग्रिड हा शब्द मी इथे येऊन शिकलो, जगून मात्र आधीच झालं होतं.

बाबांनी वही उघडली. रोजचा खर्च असा निघाला: सीपॅप, आठ तास, साधारण ५५ वॅट, म्हणजे ४४० वॅट-अवर. (यातला निम्मा खर्च हवा ओलसर-कोमट करणाऱ्या हीटरचा. तो बंद ठेवता येतो, पण तिकडची वाळवंटी हवा घसा सोलून काढते.) बारा व्होल्टचा फ्रीज ४००. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा विजेवर, तो १६०. दिवे, पाण्याचा पंप, फोन मिळून १२०. एकूण ११२०. आपल्या भाषेत सव्वा युनिटच्या आत, चार माणसांचं अख्खं घर! सांगलीतल्या घराचं बिल आठवून बघा.

ट्रेलरबरोबर आलेली बॅटरी जुन्या पद्धतीची लेड-ॲसिड, १०० अँपिअर-अवर. म्हणजे कागदावर १२०० वॅट-अवर. पण ती निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हातात ६००. पुन्हा तेच, खोक्यावरचा आकडा वेगळा आणि आपला वेगळा. त्याऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली: १०० अँपिअर-अवर, १२८० वॅट-अवर, जवळपास सगळी वापरता येते आणि वजन निम्म्याहून कमी. तिचं एकच पथ्य, शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नाही. म्हणून ती आत, बाकाखाली बसवली.

छतावर २०० वॅटचं सोलर पॅनल. २०० वॅट म्हणजे दिवसभर २०० वॅट नव्हे. ऑक्टोबरातलं तिरपं ऊन, आडवं पडलेलं पॅनल, वायरमधली गळती धरून दिवसाला सहाशे-साडेसहाशे वॅट-अवर मिळाले तर देवाची कृपा. गाडीतून ट्रेलरला जाणाऱ्या सात पिनच्या प्लगमध्ये चार्जिंगची एक तार असते, पण ती बारीक. त्यातून थेंब थेंबच येतं. म्हणून जाड वायर टाकून २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर लावला. इंजिन दोन तास चाललं की पाचशेच्या आसपास जमा.

मी ऑफिसातल्यासारखं पत्रक दाखवलं: १२८० साठा, ११२० खर्च, ६३० जमा. जमतंय. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि ढग आले तर?"

दुसरी बॅटरी आली.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सुचवल्या. एक म्हणजे सीपॅप इन्व्हर्टरवरून चालवायचं नाही. बारा व्होल्ट डीसीचं १२० व्होल्ट एसी करायचं आणि मशीनच्या अडॅप्टरने त्याचं परत डीसी करायचं, यात वीज फुकट जाते. शिवाय इन्व्हर्टर रिकामा चालू असतानाही १०-२० वॅट खातो. मशीनसाठी थेट डीसीचा अडॅप्टर मिळतो, तो घेतला. दुसरी, बॅटरीपासून निघणाऱ्या वायरवर बॅटरीला चिकटूनच फ्यूज. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर लिथियम बॅटरी क्षणात प्रचंड करंट सोडते. ते ऐकताना मला जाणवलं की हा माणूस पस्तीस वर्षं हेच विचार करत घरी आला होता आणि आम्ही त्याला फक्त "लाइट कधी येणार?" एवढंच विचारत होतो.

निघण्याआधीच्या शुक्रवारी लोड टेस्टिंग. ड्राइव्हवेत उभ्या ट्रेलरची घरची वायर काढून टाकली आणि बाबा आत झोपले. लिथियमचं व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सपाट राहतं, त्यावरून किती उरलं ते कळत नाही. म्हणून आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा शंट लावावा लागतो. सकाळी शंटचा आकडा: मशीनने ४१० घेतले. बाबा बाहेर आले आणि म्हणाले, "येतो मी."

सॅक्रामेंटोहून आम्ही सिएरा पर्वत आडवा न ओलांडता खालून वळसा घेतला. हायवे ९९ ने बेकर्सफील्ड, तिथे एक मुक्काम, मग ५८ ने तेहाचापीची खिंड आणि १४ वरून ३९५. तेहाचापीला डोंगरभर पवनचक्क्या आहेत. त्या तिथे का आहेत, हे ट्रेलर मागे असला की लगेच कळतं. मोहावीच्या आसपास आडवा वारा आणि त्यात एक अठराचाकी बाजूने गेला. ट्रेलर एकदा हलला. अशा वेळी गाडीचा ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगने भांडायचं नाही. ॲक्सिलरेटर हळू सोडायचा आणि लागलाच तर कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबायचे. तेवढी वेळ आली नाही. एक हेलकावा घेऊन तो सरळ झाला. पुढचे दहा मैल गाडीत कोणी बोललं नाही. चिवड्याचा डबा कुठे ठेवावा यावर मी घातलेला वाद आईला तेव्हा पटला असावा.

लोन पाइनच्या बाजूला अलाबामा हिल्स. गोल गोल तांबूस खडक आणि मागे ४४२१ मीटर उंचीचा माउंट व्हिटनी. १९३९ च्या 'गंगा दीन' या हॉलिवुडपटात हेच खडक हिंदुस्थानचा सरहद्द प्रांत म्हणून उभे राहिलेत. रात्रीच्या मुक्कामाला परमिट लागतं, ते काढलं होतं. वीज नाही, नळ नाही, आवाज नाही.

पहिली रात्र छान. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅटरी ८१ टक्के. तिसऱ्या दिवशी ढग आले. दिवसभरात सोलरने जेमतेम १८० दिले. संध्याकाळी मीटरवर ४४ टक्के. एकच बॅटरी असती तर एव्हाना शून्य झाली असती. नेहमीसारखं सगळं चालवलं तर सकाळी दहा टक्के उरले असते. गाडी सुरू करून चार्ज करता आलं असतंच, पण त्या शांततेत इंजिन घरघरवायचं जिवावर आलं होतं.

बाबांनी वही काढली आणि गंभीरपणे जाहीर केलं, "आज लोडशेडिंग." फ्रीज रात्री नऊ ते सहा बंद ("रात्री कोण उघडतंय?"). हीटर बंद, गोधड्या बाहेर. दिवा एक. सीपॅप चालू. सांगलीत ज्या शब्दाचा आम्ही वीस वर्षं राग राग केला, त्या शब्दावर चौघंही खदाखदा हसलो.

मी त्या रात्री दोनदा जागा झालो. मशीनचा बारीक सुस्कारा एकसारखा येत होता. कानावर येणारा तेवढा एकच आवाज. सकाळी मीटरवर २७ टक्के.

ऑफिसात आम्ही कपॅसिटी प्लॅनिंगच्या मीटिंगा घेतो, त्यात पहिला प्रश्न असतो 'आणखी किती लागेल?' बाबांच्या वहीत पहिल्या पानावर वेगळाच प्रश्न होता: काय बंद करता येणार नाही? त्याखाली एकच ओळ, 'मशीन'. बाकीचं सगळं त्यानंतर. कोणी विचारलं की केवढा ट्रेलर घेऊ, किती वॅटचं पॅनल लावू, तर मी आता तेच विचारतो. तुमच्या गाडीत कोण बसणार आहे आणि रात्री काय चालू राहायलाच हवं? ते लिहा, मग दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा, मग दुकानात जा.

असो. आई-बाबा परत सांगलीला गेले. वही मात्र बाबा इथेच ठेवून गेलेत, मागची पानं कोरी आहेत. आम्ही कुठे निघालो की व्हॉट्सॲपवर त्यांचा मेसेज येतो, कुशल-मंगल काही नाही, एवढंच: "बॅटरी किती?"