टायरची झीज आणि टायरचे वय

मोटरहोम, म्हणजे निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेले चाकांवरचे घर, वर्षातील बराच काळ एका जागी उभे असते. त्यामुळे टायरची नक्षी झिजण्याच्या कितीतरी आधी त्याचे रबर जुने होते. रबराचे ओझोन वायूपासून रक्षण करणारे मेणासारखे पदार्थ टायर फिरताना दबला की पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन्‌महिने उन्हात उभी राहिली की हे रक्षण अपुरे पडून टायरच्या बाजूंना बारीक भेगा जातात, आणि आत प्राणवायूमुळे रबर कडक होऊन पोलादी तारांच्या पट्ट्यांवरील त्याची पकड सुटू लागते.

प्रस्तुत लेखकाने अमेरिकेत जुने मोटरहोम घेतले, तेव्हा नक्षीच्या खाचांत नाणे घालून खोली पाहिली आणि तेवढ्यावर समाधान मानले. टायरच्या बाजूवरील ‘डीओटी’ या अक्षरांपुढील संकेताचे शेवटचे चार अंक मात्र वाचले नाहीत. २००० सालापासून त्यांतील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा आणि पुढील दोन वर्ष दर्शवतात.

२०२१ च्या जुलैत, कॅलिफोर्नियातील नीडल्सहून बार्स्टोकडे जाताना, मोहावी वाळवंटातील इंटरस्टेट ४० वर पुढचा उजवा टायर फुटला आणि गाडी उजवीकडे ओढली जाऊ लागली. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो. परंतु ब्रेकमुळे भार पुढे येऊन निकामी चाकाची ओढ वाढते, म्हणून स्टिअरिंग घट्ट धरून, क्षणभर ॲक्सिलरेटर दाबून गाडी सरळ ठेवावी आणि मग वेग हळूहळू उतरू द्यावा लागतो. ही माहिती पूर्वी वाचनात आली होती, म्हणूनच कुटुंब सुखरूप राहिले.

मागे रस्त्याच्या कडेला पडलेला रबराचा पट्टा हात लावता येणार नाही इतका तापला होता, त्यातून तारा सुयांसारख्या बाहेर आल्या होत्या, आणि खाचा मात्र नव्यासारख्या खोल होत्या.

काही प्रमुख उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनी टायर बदलावेत, असे सांगतात. पूर्ण संकेत टायरच्या एकाच बाजूला असू शकतो, म्हणून त्या संध्याकाळी उरलेल्या पाच टायरांपैकी दोहोंसाठी बॅटरी घेऊन गाडीखाली आडवे व्हावे लागले. पाचही टायरांवर ‘३५११’ होते, म्हणजे २०११ सालचा पस्तिसावा आठवडा. पाचही टायर बदलल्यावरच गाडी पुढे निघाली.