नाममुद्रा

आपल्याकडे भांड्यावर नाव असते ते देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे. घडवणाऱ्याचे सहसा नसते. आमच्या हिंगोलीकडच्या घरांतून चांदीचे फुलपात्र, करंडा, अत्तरदाणी यांवर ‘सप्रेम भेट’ कोरलेले असते, तारीख असते, मामाचे वा आत्याचे नाव असते. घरातल्या एका फुलपात्रावरून मला तीन पिढ्यांची सोयरीक सांगता येते. त्याला गोलाई कोणाच्या हाताने आली, हे मात्र सांगता येत नाही.

ही उणीव जाणवली ती जॉर्ज जेन्सन या डॅनिश पेढीचा इतिहास वाचताना. जेन्सन १८६६ साली जन्मला. वडील चाकूसुऱ्यांना धार लावणारे कामगार. चौदाव्या वर्षी सोनाराकडे उमेदवारी, पुढे अकादमीत शिल्पकलेचे शिक्षण. पण शिल्पावर पोट भरेना. अखेर १९०४ साली त्याने कोपनहेगनमध्ये चांदीकामाची छोटी कार्यशाळा काढली. द्राक्षांचे घोस, कळ्या, पाने हे त्याचे अलंकरण. आणि हातोडीच्या खुणा पुसून न टाकता पृष्ठभागावर राहू देणे ही त्याची रीत. हात दिसला पाहिजे, असाच जणू आग्रह.

यथावकाश योहान रोडे हा चित्रकार सोबतीला आला. १९१५ची ‘एकॉर्न’ ही काट्याचमच्यांची प्रसिद्ध घडण रोडेची, १९२६ची ‘पिरॅमिड’ हाराल्ड नील्सनची. जग मात्र या साऱ्यांना ‘जेन्सन’च म्हणते. खुद्द जेन्सनच्या हातून पेढीची सूत्रे विसाच्या दशकातच निसटली होती. १९३५ साली तो वारला. पेढी १९७२ साली रॉयल कोपनहेगनकडे गेली आणि, मधल्या मालकांनंतर, २०२३ साली फिनलंडच्या फिस्कार्सने ती विकत घेतली. हात केव्हाच गेला, नाव उरले.

मराठीच्या अभ्यासकाला ही कथा अनोळखी वाटू नये. परंपरा ज्यांचे जन्मस्थान मानते ते नामदेवांचे नरसी आमच्याच जिल्ह्यात आहे. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवीने आपले नाव गुंफायचे, ही आपली नाममुद्रा. ‘नामा’ ही मुद्रा इतकी समर्थ ठरली की शतकांनंतरच्या विष्णुदास नाम्याच्या रचनाही नामदेवांच्या गाथेत मिसळल्या. त्या निवडण्यात संशोधकांची हयात गेली. मुद्रा कर्त्याहून मोठी होते, ती अशी.

मग मुद्रेची थोरवी कशात? मला वाटते, ती खात्री देते यात नाही, वादाला जागा देते यात आहे. हा अभंग कोणत्या नाम्याचा, हा नमुना जेन्सनचा की रोडेचा, हे विचारता येते. कारण विचारायला एक नाव आहे. माझ्या फुलपात्राविषयी असा वाद सुरूच होऊ शकत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीत आजही चांदीचे पैंजण घडतात. एकाने तार ओढायची, दुसऱ्याने कड्या जोडायच्या, तिसऱ्याने उजाळा द्यायचा. तो माल देशभर जातो. चांदीवरचा हॉलमार्क शुद्धतेची ग्वाही देतो. कडी जोडणाऱ्याविषयी तो मुका असतो.

नरहरी सोनारांची आख्यायिका प्रसिद्ध आहे: विठ्ठलाच्या कमरेचा दागिना, माप घेऊन घडवलेला, पुन्हापुन्हा चुकणारा. तो दागिना आज कोणी दाखवू शकत नाही. आपल्याकडे उरला आहे तो त्यांचा अभंग. त्यात बागेसरी आहे, मूस आहे आणि ‘नरहरी’ ही मुद्राही आहे. म्हणजे सोनार आपल्याला आठवतो तो त्याने कविता केली म्हणून. ज्यांनी केली नाही, केवळ उत्तम भांडी घडवली, त्यांच्यासाठी आपल्या वाङ्मयेतिहासात आणि कलेतिहासात एकही पान नाही. भांडी मात्र अजून आपल्या देवघरांत आहेत.