विरजण लावलं का?

आमच्या घरात रात्री झोपण्यापूर्वी एक प्रश्न हमखास विचारला जातो, "विरजण लावलं का?" पूर्वी तो फक्त दह्यापुरता असायचा. हल्ली त्याची दोन उत्तरं द्यावी लागतात, एक स्वयंपाकघरातलं आणि दुसरं गराजमधलं. दुधाला विरजण लावलं की रात्रभर तिकडे बघायचं नसतं, सकाळी दही तयार असतं. आमच्या विजेच्या गाडीचंही अगदी तसंच आहे. पण एवढी साधी गोष्ट कळायला आम्हांला पाच महिने आणि एक वाईट रात्र लागली. त्याचीच ही हकीकत.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं, नवरा-बायको. लेखणी एकाच्या हातात आहे, पण दुसऱ्याची नजर खांद्यावरून कागदावर आहे. तेव्हा अतिशयोक्तीला फारसा वाव नाही, याची वाचकांनी खात्री बाळगावी.

आम्ही राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. थॉमस एडिसनने १८७९ साली ज्या मेन्लो पार्कमध्ये विजेचा दिवा पेटवून दाखवला, ती जागा आमच्याच गावात आहे. १९५४ साली गावाने त्याचंच नाव घेतलं. याच एडिसनने पुढे वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत विजेच्या गाड्यांसाठी निकेल-लोखंडाची बॅटरी बनवण्यात कितीतरी वर्षं घालवली. बॅटरी चांगली झाली, पण तोपर्यंत १९०८ साली हेन्री फोर्डची मॉडेल टी बाजारात आली होती आणि लोक गॅसच्या गाड्यांमागे लागले होते. टर्नपाइकवरून जाताना लिंडनची रिफायनरी दिसली की आपण सगळेच काचा वर करतो. त्याच लिंडनमध्ये, एक्सॉन या तेलकंपनीच्या प्रयोगशाळेत, १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमच्या बॅटरीवर काम केलं. त्याबद्दल त्यांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे विजेची गाडी हे कॅलिफोर्नियातल्या लोकांचं खूळ आहे असं पॉटलकमध्ये जे ऐकू येतं, ते काही खरं नाही. तिचं माहेर इथेच, आपल्या शेजारी आहे!

गाडी घेतली ऑगस्ट २०२४ मध्ये. पर्यावरणाच्या प्रेमापोटी घेतली असं सांगायला आवडलं असतं, पण खरं कारण हिशेबाचं. जुन्या दोन गाड्यांपैकी एकीचं ट्रान्समिशन गेलं होतं. तेव्हा केंद्र सरकारची ७,५०० डॉलरची करसवलत डीलरकडेच वळती होत होती आणि न्यू जर्सीत विजेच्या गाडीवर सेल्स टॅक्सही नव्हता. मोठ्या खुशीत सह्या केल्या, आणि तेवढ्यात डीलरने आणखी एक कागद पुढे सरकवला. विजेच्या गाड्या गॅसवरचा कर भरत नाहीत, म्हणून जुलै २०२४ पासून राज्याने त्यांच्यावर वार्षिक फी बसवली होती. पहिल्या वर्षी २५० डॉलर, पुढे दर वर्षी दहाने वाढत जाणारी. नव्या गाडीला चार वर्षांची एकदम. एकूण १,०६० डॉलर. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने थोडं काढून घेतलं.

इथे नव्या घेणाऱ्यांना सांगून ठेवतो की आमचा हिशेब तुम्हांला लागू नाही. ती करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, आणि सेल्स टॅक्सही आधी अर्धा आणि जुलै २०२५ पासून पूर्ण, म्हणजे ६.६२५ टक्के लागू झाला.

न्यू जर्सीतल्या माणसांची एक गंमत आहे. इथे १९४९ पासून गॅस स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे, आणि पूर्ण बंदी असलेलं हे आता एकच राज्य उरलंय. त्यामुळे तीस वर्षांत आम्ही पंपाच्या नळीला क्वचितच हात लावला. काच खाली करायची, "फिल इट, रेग्युलर" म्हणायचं, की झालं. पंपावरचे सरदारजी आमच्या मुलीचं कॉलेज, आमचे गुडघे, भारताचा क्रिकेटचा स्कोअर, सगळ्याची चौकशी करायचे. तेव्हा स्वतःच्या हाताने गाडीचं पोट भरण्याचं काम आमच्या वाट्याला आलं ते या वयात.

सुरुवातीला गराजमधल्या साध्या भिंतीवरच्या प्लगलाच गाडी लावली. १२० व्होल्टवर तासाला चार मैल! रात्रभरात चाळीस-पन्नास मैल. तेवढ्यात खरं तर आमचा दिवस भागत होता, पण मनाला काही समाधान वाटेना. मग इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने तळघरातलं पॅनेल उघडलं आणि डॉक्टर रिपोर्ट बघून हलवतात तशी मान हलवली. घर जुनं, पॅनेल १०० अँपिअरचं. सबंध पॅनेल बदलायचं तर खर्च फार. शेवटी ४० अँपिअरचा ब्रेकर टाकून ३२ अँपिअरचा चार्जर बसवायचं ठरलं. टाउनशिपचं परमिट धरून १,४०० डॉलर लागले. आता तासाला पंचवीस-तीस मैल भरतात. निजायच्या वेळी लावा, उठेपर्यंत काम झालेलं.

गाडी चालवायला मात्र लोण्यासारखी. आवाज नाही, धूर नाही, ऑइल बदलायला जायचं नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते आणि मंदावताना थोडी वीज परत बॅटरीत टाकते. ब्रेक लावायची वेळ क्वचितच येते. आम्ही इतके खूश झालो की जो भेटेल त्याला गाडीत बसवून ओक ट्री रोडवर एक चक्कर मारून आणायचो. फक्त बाल्टिमोरचे आमचे मित्र काही बधले नाहीत. "तुमची ती मिक्सरवर चालणारी गाडी," असं म्हणायचे.

आता चूक सांगतो. गॅसच्या गाडीची आमची सवय अशी की काटा खाली आला की भरायची. तीच सवय आम्ही या गाडीला लावली. रोज काय लावायची, तीस टक्क्यांवर आली की बघू! १९९० च्या दशकात आम्ही इथे आलो, तेव्हा पहिल्याच थंडीत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी बजावलं होतं, "हिवाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. कधी, कुठे जावं लागेल सांगता येत नाही." तो नियम आम्ही इतकी वर्षं पाळला आणि नेमका नव्या गाडीच्या कौतुकात विसरलो.

जानेवारी २०२५. रात्री साडेअकराला फोन वाजला. बाल्टिमोरच्या वहिनी. मित्राच्या छातीत कळ येऊन त्यांना ॲम्ब्युलन्सने नेलं होतं. "मी हॉस्पिटलमध्ये एकटीच आहे," एवढंच म्हणाल्या. त्यांची मुलं पार वेस्ट कोस्टला. इथे आपले नातेवाईक म्हणजे मित्रच, हे या पानांवर नव्याने सांगायला नको. पंधरा मिनिटांत आम्ही गराजमध्ये होतो. आमची गॅसची गाडी मुलगी बॉस्टनला घेऊन गेली होती. विजेच्या गाडीत ५२ टक्के होते. पडद्यावर लिहिलं होतं १२० मैल. जायचं होतं १६०.

बाहेर वीस अंश फॅरनहाइट. उन्हाळ्यात आमची गाडी पूर्ण भरली की २६० मैल जाते. पण थंडीत बॅटरी आखडते, आणि हीटरही त्याच बॅटरीवर चालतो. गॅसच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता फुकट मिळते. इथे उबेचेही पैसे मोजावे लागतात. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ साली चाचणी केली होती. वीस अंशांत हीटर लावून गाड्यांचा पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटला. हे आम्ही वाचलं होतं. त्या रात्री अनुभवलं. टर्नपाइकवर ५४ मैल गेलो, तर पडद्यावरचे ७७ मैल कमी झाले होते. हीटर बंद केला, कोट आणि शाली गुंडाळून बसलो. तरी चार नंबरच्या एक्झिटला उतरावंच लागलं, तेव्हा १८ टक्के उरले होते.

एका दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये चार फास्ट चार्जर होते. एकाचा पडदा काळा. दुसऱ्यावर एक गाडी लावलेली, आत कोणीतरी झोपलेलं. तिसऱ्याने कार्ड घेतलं आणि दोन मिनिटांत संप पुकारला. चौथा चालू झाला, पण गार बॅटरीत वीज शिरता शिरेना. एरवी ८० टक्के व्हायला अर्धा तास पुरतो, तिथे पूर्ण तास लागला. रात्रीच्या एक वाजता त्या अंधारात आम्ही दोघं टक्के मोजत बसलो. एकतीस. बत्तीस. एकमेकांशी बोललो नाही. बोललो असतो तर भांडण झालं असतं, कारण "काल रात्री लावायला काय झालं होतं?" हा एकच प्रश्न दोघांच्याही मनात होता, आणि दोघंही तितकेच दोषी होतो.

साडेतीनला पोचलो. वहिनी वेटिंग रूममध्ये अंगावर कोट घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी स्टेंट घातला होता, धोका टळला होता. आम्हांला बघून त्या उठल्या आणि मग रडल्या. नंतर म्हणाल्या, "दोन वाजता डॉक्टर सह्या मागायला आले, तेव्हा वाटलं, कुणीतरी बरोबर असायला हवं होतं." आम्ही काहीच बोललो नाही. दोन वाजता आम्ही नुकते त्या पार्किंगमधून बाहेर पडत होतो. तो तास मध्ये गेला नसता तरी दोनच्या आत पोचलोच नसतो, हा हिशेब नंतर शंभर वेळा केला. समाधान होत नाही.

सकाळी सातला मित्राला भेटू दिलं. डोळे उघडून पहिला प्रश्न, "मिक्सर किती टक्क्यांवर आला?"

"तेरा."

"माझी नळी नव्वद टक्के बंद होती. म्हणजे उरले दहा. जिंकलात तुम्ही!"

हसताना आमच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या रात्रीपासून गाडी रोज लावली जाते. गॅसची गाडी रिकामी झाली की भरायची असते; विजेची रोज लावायची असते, रिकामी होण्याची वाट बघायची नसते. ज्याला हे जमलं त्याला ही गाडी फार सुखाची आहे. रोजच्यासाठी ८० टक्के पुरे, तेवढं बॅटरीच्या तब्येतीलाही बरं. लांब जायच्या आदल्या रात्री शंभर. निघण्यापूर्वी प्लगला असतानाच गाडी आतून गरम करून घ्यायची, म्हणजे त्या उबेचा भार बॅटरीवर पडत नाही.

आता पैशांचं. महिन्याला आम्ही हजार मैल चालवतो. त्याला साधारण ३१५ युनिट वीज लागते. आमच्या बिलात युनिट २२ सेंटला पडतं, म्हणजे ७० डॉलरच्या आसपास. जुन्या गाडीला एवढ्यालाच ११० डॉलरचा गॅस लागायचा. वाचले ४०. त्यातून ती राज्याची फी महिन्याला २०-२२ डॉलर खाते, आणि इन्शुरन्सही थोडा वाढला आहे. जून २०२५ मध्ये न्यू जर्सीत विजेची बिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली, तेव्हा उत्साहावर जे विरजण पडलं ते वेगळंच! गाडी वजनदार, त्यामुळे टायर लवकर झिजतात. आणि एके सकाळी दारच उघडेना. मोठ्या बॅटरीत भरपूर वीज, पण दारं, दिवे चालवणारी साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी मेलेली. शेवटी शेजाऱ्याच्या गॅसच्या गाडीने आमच्या विजेच्या गाडीला वीज दिली. तो शेजारी हे अजून सगळ्यांना सांगतो.

तेव्हा कुणी विचारलं, घ्यावी का, तर आम्ही उलट विचारतो, स्वतःचं गराज आहे का? निदान प्लग लावता येईल असा ड्राइव्हवे? असेल तर जरूर विचार करा. आमची मुलगी बॉस्टनला अपार्टमेंटमध्ये राहते, गाडी रस्त्यावर उभी करते. तिला आम्ही घेऊ नको म्हणूनच सांगितलं. विरजण लावायला आधी घरात भांडं हवं. ही गाडी आज घरवाल्यांच्या सोयीची आहे, भाडेकरूंच्या नाही, हे मान्य केलं पाहिजे.

सरदारजींकडे आम्ही अधूनमधून टायरमध्ये हवा भरायला जातो. तेवढीच भेट. परवा म्हणाले, "आता आमची गरज नाही तुम्हांला." थट्टेनेच म्हणाले, पण घरी येईपर्यंत ते मनात राहिलं.

आमचं वय आता असं आहे की रात्रीच्या फोनची भीती वाटते. तो येऊ नये अशीच प्रार्थना. पण आला तर "निघालोच" म्हणताना पुढे "पण" लागू नये. म्हणून निजण्यापूर्वी एकजण पातेल्यात विरजण घालतो, दुसरा गराजमध्ये जाऊन प्लग लावतो. हिरवा दिवा लागला की आम्ही घरातले दिवे मालवतो.