घरच्या फोटोग्राफरास अनावृत पत्र

प्रिय घरच्या फोटोग्राफरा,

पत्रिका हातात ठेवताना यजमान म्हणतात, "सहकुटुंब यायचं हं," आणि पुढच्याच श्वासात, "कॅमेरा आणशीलच ना?" तू नवऱ्या मुलाचा मावसभाऊ असशील, ऑफिसातला मित्र असशील, हल्ली आत्याची मुलगीही असतेस. "तुझ्याकडे एवढा भारी कॅमेरा असताना बाहेरचा माणूस कशाला?" या बोलण्यात कौतुक किती आणि काटकसर किती, हे तुला पुरतं ठाऊक असतं. तरी तू हो म्हणतोस. माझं सांगणं एवढंच, की मुहूर्ताला हो म्हणू नकोस. बाकी सगळ्याला खुशाल म्हण.

अंतरपाट एकदाच दूर होतो. शेवटचं 'सावधान' झालं की वाजंत्री, टाळ्या, अक्षता आणि हार हे सगळं एकाच दमात येतं, आणि भटजींना "पुन्हा एकदा धरा" असं सांगायची सोय नाही. ऑटोफोकस हवेतल्या तांदळांवर जाऊन बसतो, मागे नवरा-नवरी धूसर. तेवढ्यात कोणीतरी काका मोबाइल उंच धरून तुझ्यासमोर येतात, आणि काकांना "बाजूला व्हा" म्हणायची तुझी छाती नसते.

कार्यालयातले दिवे वेगळाच त्रास देतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते जाणवत नाही. पण 30 फ्रेम आणि 1/60 शटरवर व्हिडिओ घेतलास, की पडद्यावर पट्टे सरकू लागतात. 25 फ्रेम आणि 1/50 ठेवलंस तर ते बहुधा जातात. शिवाय थोड्या जुन्या कॅमेऱ्यांत चित्रण 29 मिनिटं 59 सेकंदांनी आपोआप थांबतं. अर्धा तास किंवा त्याहून जास्त चित्रण करणारं यंत्र युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरलं जाई आणि त्यावर जकात लागे, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली. त्या जकातीपायी आपल्या मंगल कार्यालयात ऐन कन्यादानात चित्रण तुटतं, आणि तू तेव्हा फोटो काढण्यात गुंतलेला असतोस.

धंद्यातला माणूस दोन कॅमेरे आणि हाताखाली एक पोरगा घेऊन येतो. त्याचा कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर लिहितो. आणि त्याला नात्याची भीड नसते. मुहूर्त त्याचा.

पण घर त्याला माहीत नसतं. रुखवताचा तो समोरून एक सरळ फोटो काढेल. त्यातलं क्रोशाचं तोरण डोळे अधू झालेल्या कोणत्या मावशीने विणलं, हे तुला ठाऊक. औषधांची पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेल्या आजी कोणाच्या कोण, हे तुला ठाऊक. बरीच वर्षं एकमेकांशी न बोललेले दोन भाऊ पंगतीत शेजारी बसलेत आणि एक दुसऱ्याला मठ्ठा वाढा म्हणतोय, ही त्या लग्नातली सगळ्यांत मोठी बातमी असते. ती टिपणारा मांडवात तुझ्याशिवाय कोणी नाही. घाणा भरताना, हळद लावताना, मुंडावळ्या बांधताना बायका परक्या माणसापुढे अवघडतात, तुझ्यापुढे भांडतातसुद्धा. ते भांडण घे. पुढे घरातले लोक स्टेजवरच्या रांगेतले दोनशे हसरे चेहरे भराभर उलटतात आणि अशा फोटोशी थांबतात.

व्हिडिओत मूळचा आवाज राहू दे. हृदयांच्या आकारात नवरा-नवरी फिरवणारं ते मिक्सिंग आणि वर सिनेमाचं गाणं, हे आता पुरे. त्यात कायद्याचीही मेख आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52 नुसार लग्नात, वरातीत गाणं वाजवलं तर तो हक्कभंग होत नाही. पण तेच गाणं व्हिडिओवर चढवून जगासाठी टाकायला ही सवलत पुरत नाही. आवाज बंद पडलेला व्हिडिओ पाहण्यापेक्षा सनई, भटजींचा खोकला आणि अडखळत घेतलेला उखाणा बरा.

त्याच कायद्याचं कलम 17 तर मजेदार आहे. कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा. तू फुकट काढलेस तर मालक तू. (आहेराचं पाकीट मोबदल्यात धरायचं का, ते वकिलांना विचार.) नवरीच्या आईला मात्र हे ऐकवू नकोस. हक्क तुझा असला तरी चेहरे त्यांचे आहेत. त्यांनी पाहायच्या आधी एकही फोटो स्टेटसला लावू नकोस, आणि द्यायचे ते निवडून, पेन ड्राइव्हवर दे. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवलेस तर फोटो आकसतात आणि छापताना पिचतात.

तेव्हा पुढची पत्रिका आली की त्याच दिवशी यजमानांना फोन कर. स्पष्ट सांग, "मुहूर्ताला माणूस ठरवा, हळद, रुखवत आणि पंगत माझ्याकडे." थोडे रुसतील, रुसू देत. आणि जेवायला पहिल्या पंगतीत बस. शेवटच्या पंगतीला जिलबी उरत नाही.

तुझा,
लग्नातला एक पाहुणा