अख्खी सायकल

जुन्या इंग्लिश सायकलींच्या धंद्यात एक हिशेब सगळ्यांना पाठ असतो. अख्खी सायकल विकून जे मिळतं, त्यापेक्षा ती सुटी करून विकली तर जास्त मिळतं. ब्रुक्सचं कातडी सीट एकाला, ल्युकसचा दिवा दुसऱ्याला, चेनव्हील तिसऱ्याला, आणि उरलेली फ्रेम भंगारात. मला हा हिशेब मान्य नाही. कुरवंड्यातल्या माझ्या पडवीत जे काम चालतं, ते तो मान्य नसल्यामुळेच चालतं.

आमचं गाव लोणावळ्याहून भुशी धरण आणि आयएनएस शिवाजी ओलांडून, नागफणीच्या अंगाला. 1661 साली कारतलबखानाची फौज इथूनच कुरवंडे घाटाने उंबरखिंडीकडे उतरली, म्हणून इतिहासाची आवड असणाऱ्यांना गाव ठाऊक असतं. मला आठवतात त्या सायकली. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून चुलते पहाटे लोणावळ्याला जायचे. त्यांची हर्क्युलिस चढणीला ढकलत न्यावी लागे, उतारावर मात्र तिला आवरताना रॉड ब्रेकचे रबर झिजून जायचे. ते रबर बदलायला मी शिकलो, आणि तिथून हात कायमचे काळे झाले.

इथला पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर. बाहेरचा गंज दिसतो, तो काढता येतो. नळीच्या आतला गंज दिसत नाही आणि तोच फ्रेम खातो. म्हणून मृगाच्या आधी मी प्रत्येक फ्रेम उघडी करून नळ्यांमध्ये जवसाचं उकळलेलं तेल फिरवतो, उलटीसुलटी करून निथळू देतो. आत पातळ थर धरतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि विकत घेणाऱ्याला ते कधीच दिसत नाही, पण या हवेत याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

खंडाळ्याच्या एका जुन्या बंगल्यातली रॅले मला आजवर मिळालेली सर्वांत देखणी सायकल. मालक परदेशी गेलेले, बंगला विक्रीला निघालेला. तिथल्या माळीकाकांनी ती गवताच्या पेंढ्यांमागे ठेवली होती. मालकांनी जाताना त्यांनाच देऊन टाकलेली. पैशांचं ठरलं, तेव्हा काका म्हणाले, "न्या तुमी दादा, पर मोडू नका तिला." मी शब्द दिला.

घरी आणून मागच्या हबवरचा चिखल पुसला तर स्टर्मी-आर्चरचं नाव आणि खाली 49 हा आकडा. या कंपनीच्या हबवर वर्ष ठोकलेलं असतं, म्हणजे हा 1949 चा. आपल्याकडे आलेल्या बहुतेक इंग्लिश सायकली एकाच गिअरच्या. तीन गिअरचा हब मिळणं म्हणजे भाग्य. आत, ॲक्सलवरच्या स्थिर चक्राभोवती चार लहान चक्रं फिरतात. मधला गिअर सरळ, पहिला त्याच्या पाऊणपट, तिसरा सव्वापटीहून थोडा जास्त. लोणावळ्याच्या चढ-उताराला याहून योग्य काय असणार? जुनं ग्रीस घट्ट होऊन आतले खटके चिकटले होते. रॉकेलमध्ये सगळं सुटं केलं, धुतलं आणि पातळ तेल घातलं. या हबला ग्रीस ठासायचं नसतं, तेलच प्यायला द्यायचं.

खरी अडचण खाली, बीबीमध्ये, म्हणजे पेडलचा ॲक्सल फिरतो त्या जागी होती. रॅलेच्या वाटीला इंचाला 26 आटे, आणि बाजारात मिळते ती 24 आट्यांची. पाना लावून जोर केला की ती चढल्यासारखी वाटते, पण फ्रेमचे आटे कापून टाकते. किती चांगल्या फ्रेमी अशा वाया गेल्या असतील! पुण्याच्या जुन्या बाजारात मी बुधवार-रविवार फेऱ्या घातल्या. वाटी मिळेना. शेवटी गावातल्या एका निवृत्त फिटरकाकांनी लेथवर नवी करून दिली. आटे मोजायची पट्टी लावून बघताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

रंगाला मी हात लावला नाही. काळ्या इनॅमलवर सोनेरी रेघा अजून होत्या. पुढच्या नळीवर लहान मुलाचं सीट बसवलेलं असणार, तिथे पट्ट्याने रंग घासून गेला होता. सौम्य ऑक्झॅलिक आम्लाने गंज काढला, मेण लावलं, बस्स. नवा रंग मारलेली सायकल चकचकीत दिसते, पण तिच्यावर कोण बसलं होतं हे मग कोणालाच कळत नाही.

फोटो पाहून मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. त्याला हब, दिवा आणि बगळ्यांच्या डोक्यांचं चेनव्हील हवं होतं, आणि तेवढ्याचे तो अख्ख्या सायकलीपेक्षा जास्त द्यायला तयार होता. चेनव्हीलला मागणी असते, कारण त्यावरून कंपनी ओळखू येते. बीएसएच्या चेनव्हीलमध्ये अक्षरं कापलेली, हंबरच्या चेनव्हीलमध्ये माणसं, रजच्यात हाताचा पंजा. हॉटेलांच्या भिंतींवर ही चेनव्हीलं लटकलेली दिसतात, तेव्हा माझ्या मनात प्रत्येकामागे एक मोडलेली सायकल उभी राहते. मी त्याला नाही म्हटलं. सायकल पुण्याच्या एका शिक्षिकेला दिली. त्या ती शाळेत चालवत नेतात. अट एकच घातली, कधी विकायची झाली तर आधी मला विचारायचं.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी 2017 साली सायकलींचं संग्रहालय उघडलं. तिथे दुसऱ्या महायुद्धातली, छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली घडीची बीएसए पाहिली, आणि लोक तिच्याभोवती थांबून आपापल्या वडिलांच्या सायकलींबद्दल बोलताना ऐकले. आता घरोघरी लोक माळे तपासतात. हे चांगलं झालं. पण किंमत कळली की पहिला प्रश्न येतो, "नुसता दिवा किती जाईल?" मी प्रत्येकाला समजावतो. काही ऐकतात.

सुटे भाग मीही विकतो. पण ज्या सायकली आधीच मोडून आलेल्या असतात, त्यांचेच; आणि समोरच्याकडे तो भाग लागणारी सायकल आहे का, हे बघूनच. शक्यतो पैसे नाहीत, अदलाबदल. सध्या पडवीत एक हंबर उभी आहे, तिचा दुहेरी नळ्यांचा चिमटा कोणीतरी कधीकाळी काढून साधा बसवलाय. तसा चिमटा कोल्हापूरच्या एका मिस्त्रींकडे आहे. त्यांना कार्बाइडचा दिवा हवाय, पितळी, आतली जाळी शाबूत असलेला. तो माझ्याकडे आहे. त्यांच्याकडची सायकल कोणती, कुठल्या सालची, हे मी विचारलंय. फोटो आले की दिवा पार्सल करणार.