यादीतली नऊ नावे

नऊ वर्षे उत्पादन नियोजनात काढलेली सून आता ‘पर्सनल’मध्ये जाणार, हे ऐकल्यावर सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “म्हणजे हजेरी मांडायची?” एवढेच त्यांनी विचारले. त्यात कुचकेपणा नव्हता. त्यांच्या पिढीने पर्सनल म्हणजे रजेचे अर्ज अडवून धरणारा साहेब, एवढेच पाहिले होते.

चिंचवडचा हा कारखाना मोटारींचे सुटे भाग बनवणारा, कामगार ऐंशीच्या आसपास. २०१८ साली तिथले जुने अधिकारी निवृत्त झाले आणि मालकांनी तिला बोलावून घेतले. एमबीए आहात, माणसे ओळखता, तुम्हीच बघा. पगार एका रुपयाने वाढला नाही.

एमबीए झाले की माणसे सांभाळणे आपोआप येते, हा समज पहिल्याच महिन्यात गळून पडला. कॉलेजात हा विषय तिने एका रात्रीत वाचून काढला होता. आता भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, स्थायी आदेश, सगळे मुळापासून शिकायचे होते. तिने कामगार कायद्यांच्या पदविकेला नाव घातले. नवरा कुकर लावायला शिकला.

हे खाते मुळात माणसांसाठीच आले. १९४८च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. पुढे १९७०च्या दशकात अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची व्यवस्था आखली. हळूहळू दारावरच्या पाट्या बदलल्या. काही ठिकाणी पाटीमागे रांगोळी स्पर्धा आणि वाढदिवसाचा केक एवढेच उरले, तो भाग वेगळा!

खरी परीक्षा आली २०१९च्या मंदीत. मोटारींचा खप घसरला, मागणी आटली आणि मालकांनी नऊ नावांची यादी तिच्यापुढे ठेवली. असे हिशेब तिने स्वतः कितीदा केले होते! पण नियोजनाच्या तक्त्यात ‘नऊ जास्त’ एवढाच आकडा असे. इथे प्रत्येक ओळीत नाव होते, गाव होते, रुजू झाल्याची तारीख होती.

त्यातल्या एकाची नोकरी चार वर्षे चार महिन्यांची. पाच वर्षे भरली असती, तर ग्रॅच्युइटी मिळाली असती. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून तेरा हजार. त्याचे सव्वीस भाग करून पंधरा घ्यायचे, म्हणजे वर्षाला साडेसात हजार. पाच वर्षांचे साडेसदतीस हजार. आज काढला तर त्यातले काहीच नाही.

तेव्हा तिला जुनेच शिक्षण उपयोगी पडले. तिने मागणीचे तक्ते काढले. दसरा-दिवाळीला काम वाढायची शक्यता होती. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘ले-ऑफ’ची सोय होती: काम नसलेल्या दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता निम्मा द्यायचा, नोकरी मात्र अखंड राहते. (हा कायदा नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहितेत सामावला आहे.) सगळ्यांनाच पाळीपाळीने थोडे दिवस बसवले तर? मालक दोन दिवस विचार करत राहिले. मग म्हणाले, “सहा ठेवू. तीन जातील.”

शेवटी आलेला आधी जातो, या नियमाने सर्वांत नवे तिघे गेले. नोटीस बोर्डावर कागद न लावता तिने प्रत्येकाला समोर बसवून सांगितले. एकाने चेकची घडी घालून ती ओळखपत्राच्या पाकिटात सरकवली आणि ते ओळखपत्र परत द्यायचे आहे हे लक्षात आल्यावर पुन्हा बाहेर काढली.

राहिलेलेही खूश नव्हते. निम्म्या पगाराचे दिवस सगळ्यांच्याच वाट्याला आले होते. “मॅडम, तुम्ही प्लॅनिंगमध्ये होतात तेच बरं होतं,” एक जण फाटकापाशी म्हणालाच. तिला उत्तर सुचले नाही.

दिवाळीच्या तोंडावर काम थोडे वाढले. तिने आधी त्या तिघांना फोन लावले. एक टेम्पो चालवू लागला होता, दुसरा गावी गेला होता. तिसरा दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन हजर झाला. तिने त्याची नवी फाइल उघडली. रुजू झाल्याची तारीख नव्याने लिहावी लागली. आधीची दोन वर्षे लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती.