मिनिटाचा भाव

सांगलीत आमच्या घरी फोन नव्हता, पण आम्हाला फोन नंबर होता. बाबा विम्याचं काम करत, त्यांच्या कार्डावर तो छापलेला असे. नंबर वरच्या मजल्यावरच्या वकिलांचा आणि त्याच्यापुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरं. त्याचा अर्थ 'पर्टिक्युलर पर्सन' हे मला फार उशिरा कळलं. आम्ही पोरं त्याचा अर्थ 'पळत पळत' असा लावायचो, कारण वकीलकाकूंनी जिन्यातून हाक मारली की तसंच जावं लागे.

१९८५ साली दादा शिकायला टेक्सासला गेला आणि त्या पळण्याला वार आणि वेळ मिळाली. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी सात. पत्राने ठरलेलं. साडेसहालाच आम्ही तिघं आंघोळी उरकून काकूंच्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचो, लग्नघरी वऱ्हाड बसावं तसे. दादा तिकडे ऑपरेटरला नंबर सांगून कॉल लावी. पहिल्या तीन मिनिटांचे पैसे, बोला नाहीतर गप्प बसा, भरायचेच. पुढचं मिनिट वेगळं. एका फोनात माझा आठवड्याचा किराणा जातो, असं त्याने एकदाच पत्रात लिहिलं. आईने ते वाक्य आयुष्यभर जपलं.

ती यादी करायची. दादाच्याच पत्राचं पाकीट उलगडून त्याच्या आतल्या बाजूवर, पेन्सिलीने. मावशीचं ऑपरेशन झालं, बरी आहे. गॅसचा नंबर लागला. गोधडी पाठवू का. खोकला? फोन हातात आला की यादी तशीच हातात राही आणि ती एवढ्या मोठ्याने ओरडे की खाली रस्त्यावरचा दूधवाला वर बघायचा. "ऐकू येतंय का रे?" यात पहिलं मिनिट जाई. "जेवतोस ना?" यात दुसरं. तिसऱ्यात बाबा फोन ओढून घेत आणि म्हणत, "बाकी सगळं ठीक, ठेव आता, पैसे पडताहेत." मला 'दादा' म्हणण्यापुरता वेळ मिळायचा. खाली आल्यावर आई तासभर कुणाशी बोलत नसे. मग यादी ट्रंकेत.

त्या फोनात एक विचित्र अडखळ असायची. आपण बोललं की पलीकडे क्षणभर काहीच नाही, म्हणून आपण पुन्हा बोलायचं, तेवढ्यात त्याचं उत्तर येऊन आदळायचं. दोघंही थांबायचे. मग दोघंही एकदम सुरू. बाबांनी कारण सांगितलं होतं: परदेशचे फोन नारायणगावजवळच्या आर्वीच्या केंद्रातल्या प्रचंड तबकडीवरून आकाशात जातात. पुणे-नाशिक एस.टी.तून जाताना ती त्यांनी पाहिली होती. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर. आवाजाने वर जायचं, खाली यायचं आणि उत्तराने पुन्हा तेवढंच. अर्धा सेकंद सहज लागणार. मला वाटायचं, दादा विचार करून बोलतोय. अमेरिकेत गेल्यावर माणूस गंभीर होतो, अशी माझी समजूत बरीच वर्षं टिकली.

लग्न होऊन मी पुण्यात आले तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे बूथ होते. एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. आमच्या गल्लीतला बूथ पोलिओने पाय गेलेल्या एका गृहस्थांचा होता. काचेच्या दाराआड उदबत्तीचा वास, पंखा नाही आणि डोळ्यांसमोर लाल आकड्यांची पट्टी. एस.टी.डी.ला रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून तेव्हा गर्दी. गावाकडे बोलणारे रांगेत उभे असायचे, अमेरिकेला लावणारी मी एकटी. माझ्या आठवणीत मिनिटाला साठ-सत्तर रुपये पडायचे. त्या लाल आकड्यांवरून नजर हटत नसे. वहिनीला दिवस गेलेत हे दादा सांगत होता आणि मी बघत होते १४२... १५०... १५८. नंतर छोट्या यंत्रातून पावती कुरकुरत बाहेर यायची. ती पावती मी जपून ठेवली, कारण बातमी नीट ऐकलीच नव्हती.

१९९८ मध्ये नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही न्यू जर्सीत गेलो आणि मी तारेच्या दुसऱ्या टोकाला आले.

एडिसनच्या ओक ट्री रोडवर वाणसामानाच्या दुकानात, गल्ल्यामागे, फोनकार्डांची भिंत असायची. मोर, ताजमहाल, हत्ती. पाच डॉलरचं कार्ड घ्यायचं, नाण्याने रुपेरी पट्टी खरवडायची, आधी टोल फ्री नंबर, मग दहा-बारा आकड्यांचा पिन, मग ०११, ९१, २३३ आणि घरचा नंबर. पस्तीसेक आकडे. एक चुकला की पहिल्यापासून. अजूनही झोपेत माझ्या बोटांना तो क्रम येत असेल.

कार्डावर मिनिटं मोठ्या अक्षरांत छापलेली असत आणि कमी होण्याची कारणं बारीक अक्षरांत. फोन लागल्याबद्दल आकार. आठवड्याचा देखभाल आकार. बोलणं पुढच्या तीन मिनिटांना पूर्ण करून धरणार. एकदा दीड तासाचं कार्ड घेऊन मी चाळीस मिनिटं बोलले, दुसऱ्या दिवशी उरलेलं वापरायला गेले तर यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, शिल्लक नाही. तक्रारीच्या नंबरावर अर्धा तास संगीत ऐकलं. दुकानदार म्हणाला, "बेन, एक बार में ही ख़तम करने का." हा सल्ला मी पाळला, म्हणून त्या काळातले माझे फोन वाक्याच्या मध्येच तुटलेले आहेत.

आणखी एक होतं, ते मला फार लागायचं. कार्डावर मुंबईची मिनिटं वेगळी आणि 'बाकी भारता'ची वेगळी, अर्थात कमी. न्यू जर्सीपासून सांगली मुंबईपेक्षा अडीच रुपयांनी जास्त लांब होती म्हणायची.

हा भाव ठरतो कसा, हे तिकडे थोडंफार समजलं. आवाज नेण्याचा खर्च फार नव्हता. पैसे पडत ते दारात. अमेरिकेतल्या कंपनीला इथे फोन उतरवायचा तर विदेश संचार निगमला मिनिटामागे ठरलेली रक्कम द्यावी लागे आणि १९८६ साली स्थापन झालेल्या त्या निगमाखेरीज दुसरं दारच नव्हतं. इकडून जाणाऱ्या फोनांपेक्षा तिकडून येणारे जास्त. म्हणजे मुलांना घरची आठवण यायची आणि देशाला डॉलर मिळायचे. १९९७ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ही रक्कम गरीब देशांसाठी टप्प्याटप्प्याने मिनिटाला २३ सेंटांवर आणायचं ठरवलं. २००२ च्या एप्रिलपासून निगमाची मक्तेदारी गेली आणि त्याच महिन्यात भारतात इंटरनेटवरून परदेशी फोन करणं कायदेशीर झालं. तोवर काही फोन मागच्या दाराने यायचेच: इंटरनेटवरून आणायचे आणि इथल्या एखाद्या साध्या नंबरावरून पुढे लावून द्यायचे. आईकडे तोपर्यंत स्वतःचा फोन आणि नंबर दाखवणारा डबा आला होता. एके सकाळी ती फोन उचलून हॅलोच्या आधी म्हणाली, "अगं, हैदराबादला कधी आलीस?"

सगळ्यांत स्वस्त फोन अर्थात न उचललेला. विमान उतरलं की दोन रिंगा. परीक्षेचा निकाल चांगला असला तर तीन. दादाने एकदा टेक्सासहून चार दिल्या आणि आईबाबा रात्रभर चौथ्या रिंगेचा अर्थ लावत बसले. त्याचा मोजताना हात चुकला होता.

२००३ मध्ये स्काइप आलं. संगणकावरून संगणकावर फुकट; पण सांगलीतल्या घरी नेट यायचं टेलिफोनच्याच तारेवरून, त्यामुळे बाबा नेटवर बसले की फोन बंद. आणि 'नेटवर बसा' हे सांगायला आधी फोन करावा लागे, पाच डॉलरच्या कार्डातून. बाबा कानाला हेडफोन लावून, मोडेमची किरकिर संपेपर्यंत पूजेला बसल्यासारखे ताठ बसत. आवाज विहिरीतून यायचा. आई त्या खोलीत येतच नसे.

जानेवारी २००८ मध्ये बाबा मिरजेला दवाखान्यात होते. त्याच महिन्याच्या शेवटी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या. भारताचं इंटरनेट लंगडं झालं आणि त्याच्यावर चालणारं आमचं स्वस्त कार्डही मुकं झालं. दोन दिवस मी पस्तीस-पस्तीस आकडे फिरवत राहिले. तिसऱ्या दिवशी न राहवून घरच्या फोनवरून सरळ, कंपनीच्या पुऱ्या दराने लावला. आवाज इतका स्वच्छ की बाबा दचकले. बायपासनंतर चौथा दिवस होता. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "कुठल्या लाइनवरून बोलतेयस? किती पडतात?"

मग २००९ च्या उन्हाळ्यात व्हॉनेजने महिना २४.९९ डॉलरमध्ये भारतासह साठ देशांत हवं तेवढं बोलायची योजना काढली. राउटरला जोडायची एक पांढरी डबी. मोजायचं काहीच उरलं नाही. पहिल्याच शनिवारी मी आईला सांगितलं, आज हवं तेवढं बोल. ती सात मिनिटांत संपली. मीही संपले. पंचवीस वर्षं आम्हा दोघींना तीन मिनिटांतच बोलायची सवय, त्यापुढचं कुणाला येतच नव्हतं. "मग?" "बाकी काय?" "काही नाही." "ठेवू?" फुकट असूनही ती ठेवायचं म्हणायची.

ठेवू नकोस, म्हटलं. टेबलावर राहू दे. तू तुझं काम कर, मी माझं करते.

तिला ते पटलं नाही, पण केलं. तिची संध्याकाळ, माझी सकाळ. पहिल्या दोन शनिवारी ती दर पाच मिनिटांनी येऊन "आहेस का?" विचारून जायची. तिसऱ्या शनिवारी विसरली. मग घर ऐकू येऊ लागलं. कुकरची शिट्टी, दुसरी, आणि तिसरीच्या आधीच गॅस बंद केल्याचा खटका. म्हणजे अजून वरण जरा कच्चंच आवडतं बाबांना. पिठाची चाळणी परातीच्या काठावर आपटल्याचे ठोके. भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून वाद, मग तिच्याच नातवाची चौकशी. बाबांचं "अगं, चष्मा..." मी इकडे लेकीचा डबा भरत असे. तासभर कुणीच कुणाला काही सांगत नसे आणि मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सांगलीच्या बातम्या कळत होत्या.

एका शनिवारी शहाबादी फरशीवर एक आवाज आला. टक्. मग चप्पल सरकल्याचा. मग टक्. स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत. मी भांडी तशीच सोडून फोनजवळ गेले.

"आई, काठी कधी घेतलीस?"

बराच वेळ काही नाही. आर्वीच्या तबकडीवरून जाणाऱ्या फोनांतही इतका लागत नसे.

"झाले असतील चार महिने," ती म्हणाली. "त्यात काय सांगायचं फोनवर?"

तिच्या ट्रंकेतल्या यादीत ती काठी कधीच आली नसती. मिनिटाला सत्तर रुपये असोत की फुकट, आई बोलणार ते 'बाकी सगळं ठीक'च. त्याच्या पलीकडचं काही कळायचं तर ती बोलत नसतानाच, आणि ते परवडायला २००९ साल उजाडावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही परत यायचं ठरवलं. कारण विचारलं की नवरा नोकरीचं सांगतो, ते खरंही आहे.

आता पुण्यात आहे. आई-बाबा दोघंही गेले. लेक २०१९ पासून डब्लिनला. स्काइप मे २०२५ मध्ये बंदच झालं. माझ्या खात्यात सव्वातीन डॉलर पडून होते. लेकीचा फोन व्हॉट्सअॅपवर, चित्रासकट. शनिवारी माझी संध्याकाळ, तिची दुपार. तिला शिकवावं लागलं नाही, ती आपण होऊनच फोन मिक्सरला टेकवून ठेवते आणि कामाला लागते. तिच्या ओट्याचा कोपरा आणि खिडकीबाहेरचा पाऊस मला दिसत राहतो. मी माझा फोन भाजीच्या टोपलीला टेकवते, छताकडे तोंड करून, कारण माझं तोंड बघण्यासारखं नसतं त्या वेळी.

गेल्या वर्षी मी स्टुलावरून पडले. मनगट. तेव्हापासून स्टुलावर चढायचं नाही, असं तिने मला बजावलंय आणि मी कबूल केलंय.

परवा शनिवारी साबुदाण्याचा डबा हवा होता. तो वरच्या फळीवर. स्टूल लोखंडी आहे, ओढलं की फरशीवर किंचाळतं. मी फोनजवळ गेले, आवाज बंद करायचं बटण दाबलं, स्टूल ओढलं, चढले, डबा काढला, उतरले, स्टूल जागेवर नेऊन ठेवलं, दोन श्वास घेतले आणि बटण पुन्हा दाबलं.

"आई, मघाशी तुझा आवाज का गेला होता?"

"नेटवर्क गं."

ती कांदा चिरत होती. सुरी थांबली.

"छताच्या पंख्यावर तुझी सावली पडली होती," ती म्हणाली.